फायबर, 5जी की उपग्रह?

घरून काम करायला इंटरनेट घेताय ना? मग जाहिरातीतला स्पीड नंतर बघा, आधी शेजाऱ्यांना विचारा की पावसाळ्यात कोणाची लाइन टिकते. फायबर मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्या. फक्त एक खात्री करा: काही ठिकाणी फायबर इमारतीपर्यंतच येतं, पुढे साधी लॅन केबल ओढतात. घरात ओएनटी (फायबरमधला प्रकाशाचा सिग्नल राउटरला समजेल असा करणारी पेटी) बसणार का, असं थेट विचारा. अपलोडचा स्पीडही विचाराच, व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा चेहरा त्याच्यावरच चालतो. आणि 100 एमबीपीएस (सेकंदाला 100 मेगाबिट) म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी (मेगाबाइट), कारण 8 बिटांचा एक बाइट. दरात 18 टक्के जीएसटी धरलाय का, तेही बघा.

5जीचं वायरलेस कनेक्शन भाड्याच्या घराला सोयीचं, पण संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की मंदावतं. उपग्रहाच्या इंटरनेटचं म्हणाल, तर भूस्थिर (आकाशात एकाच जागी दिसणारा) उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर. सिग्नल जाऊन उत्तर यायलाच जवळपास अर्धा सेकंद. दुसरं काहीच नसेल तरच घ्या.

वीज जाते तिथे ओएनटी आणि राउटर, दोन्हींना बॅकअप द्या. लोक नेमका ओएनटी विसरतात.