चौकटीतला नायक पडद्यावर आणायचा असेल तर

प्रश्न : माझी शाळा संपायला एक वर्ष राहिलं आहे. सुपरहिरोंची कॉमिक्स मी अगदी लहानपणापासून वाचते. माझ्या सर्वांत आवडत्या सुपरहिरोवर दहा भागांची मालिका लिहायला घेतली आहे, पहिल्या भागाची पंधरा पानं सोबत जोडते. हे काम करिअर म्हणून करता येतं का? त्यासाठी कोणता कोर्स करू? आणि हे लिखाण हक्क असलेल्या कंपनीला पाठवलं तर चालेल का? बाबा म्हणतात, दुसऱ्याच्या गोष्टीवर लिहिण्यात तुझं स्वतःचं असं काय?

उत्तर : बाबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तो अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर सापडलं की बाकीचं आपोआप सुटत जातं.

'द इन्क्रेडिबल हल्क' ही मालिका अमेरिकेत १९७८ ते १९८२ दरम्यान चालली. कॉमिकमधला ब्रूस बॅनर हा अण्वस्त्रावर काम करणारा शास्त्रज्ञ. बॉम्बच्या चाचणीत सापडल्यावर, राग आला की तो हल्क नावाचा महाकाय, अचाट बळाचा प्राणी होतो आणि लष्कर त्याच्या मागे लागतं. मालिका घडवणाऱ्या केनेथ जॉन्सनने हे जवळजवळ सगळं बाजूला ठेवलं. त्याचा नायक डेव्हिड बॅनर हा डॉक्टर आहे. अपघातात अडकलेल्या बायकोला तो वाचवू शकला नव्हता. संकटात काही माणसांच्या अंगी एकाएकी बळ येतं, मग आपल्यातच ते का आलं नाही, या टोचणीपायी तो स्वतःवर प्रयोग करतो. लष्कराच्या जागी एक बातमीदार त्याच्या मागावर राहतो. रणगाडे आणि विमानं दर आठवड्याला दाखवणं टीव्हीच्या खर्चात बसणारं नव्हतंच. पण मला यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. जॉन्सनने राग तसाच ठेवला आणि त्याच्या मुळाशी दुःख आणून बसवलं. काय ठेवायचं, काय सोडायचं आणि सोडलेल्याच्या जागी काय आणायचं, हे ठरवणं म्हणजेच रूपांतरकाराचं स्वतःचं काम. बाबांना हे उदाहरण जरूर सांग.

मूळ लेखक स्वतः मालिकेत असला तरी हे काम टळत नाही. 'इन्व्हिन्सिबल' हे रॉबर्ट कर्कमन यांचं कॉमिक २००३ ते २०१८ या काळात १४४ अंक चाललं. त्यातला सर्वांत हादरवणारा प्रसंग सातव्या अंकात येतो. २०२१ च्या मालिकेच्या उभारणीत कर्कमन होतेच, आणि तरीही तो प्रसंग पहिल्याच भागाच्या शेवटी आला. अंक विकत घेणारा वाचक महिनाभर थांबतो. मालिकेच्या प्रेक्षकाने दुसरा भाग लावावा की नाही, हे पहिल्या भागाच्या शेवटच्या काही मिनिटांत ठरतं.

आता तुझ्या पंधरा पानांबद्दल. संवाद तुला लिहिता येतात, हे मनापासून सांगते. दुसऱ्या पानावरचं भावंडांचं भांडण मी दोनदा वाचलं. पण चौथं पान काढ. नायक रात्री गच्चीच्या कठड्यावर उभा आहे आणि त्याचा आवाज ऐकू येतो : 'आईला खरं सांगायला हवं. पण सांगितलं तर तिचाच जीव धोक्यात येईल.' असं अर्धं पान. तुझ्या डोक्यात कॉमिकचं पान आहे, हे लगेच कळतं. तिथे विचारांचे फुगे शोभतात, कारण वाचक आपल्या गतीने थांबतो, मागे जातो, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत राहिलेलं स्वतःच भरून काढतो. पडद्यावर वेळ आपल्या हातात असतो आणि बोलत उभा राहिलेला माणूस नुसता उभाच दिसतो.

त्याला गच्चीवरून घरात आण. बाही जळलेली आहे. आई म्हणते, 'शर्ट दे, शिवून ठेवते.' तो म्हणतो, 'राहू दे, जुनाच आहे.' ती हात पुढे करून तशीच थांबते. शेवटी तो शर्ट काढून देतो, आणि दंडावरचा भाजल्याचा डाग तिला दिसतो. ती काही विचारत नाही, सुईत दोरा ओवायला लागते. दोरा दोनदा चुकतो. तुझं अर्धं पान इथे दोन वाक्यांच्या बोलण्यात मावतं. शिवाय आईला किती कळलंय, हा नवा प्रश्न पुढच्या भागांसाठी हाताशी राहतो.

लिखाण कंपनीला पाठवू नकोस. न मागवलेलं लिखाण मोठ्या कंपन्या सहसा वाचतच नाहीत. पुढेमागे कल्पना चोरल्याचा वाद उभा राहू नये, हे त्याचं मुख्य कारण. त्या पात्राचे हक्क तुझ्याकडे नाहीत, त्यामुळे ही मालिका तुला विकताही येणार नाही. सराव म्हणून मात्र पहिला भाग पूर्ण कर. नमुना म्हणून दाखवायला त्याच्यासोबत दुसरं काहीतरी लिही : स्वतःचा सुपरहिरो, किंवा हक्कांची मुदत संपलेली एखादी जुनी कथा. आणि स्वतःचं पात्र घडवशील तेव्हा करार वाचल्याशिवाय सही करू नकोस. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना दिले आणि पुढे अनेक वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. ही हकीकत मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते, कारण विशीतल्या मुलांना पहिल्या करारापुढे काहीच दिसत नाही.

कोर्सबद्दल थोडक्यात. पटकथालेखन, चित्रपट किंवा साहित्य, कुठूनही या कामात येता येतं. प्रवेश घेण्याआधी एवढंच विचार, की वर्षभरात किती पटकथा पूर्ण लिहून घेतात आणि त्यातल्या किती पुन्हा लिहून घेतात. फेरलेखनाबद्दल गप्प बसणाऱ्या कोर्सवर मी तरी पैसे घालणार नाही. चित्र काढत असशील तर स्टोरीबोर्डचा, म्हणजे चित्रीकरणाआधी प्रसंग चौकटी-चौकटींनी काढून दाखवण्याच्या कामाचाही विचार कर. कॉमिक मुरवलेल्या मुलांची नजर तिथे फार उपयोगी पडते.

कामाची सुरुवात बहुधा रायटर्स रूममध्ये, म्हणजे मालिकेचे लेखक एकत्र बसून कथा ठरवतात तिथे, साहाय्यक म्हणून होते : चर्चेच्या नोंदी ठेवायच्या, कोणत्या भागात काय ठरलं ते सांभाळायचं, पटकथेचे बदललेले मसुदे सगळ्यांपर्यंत पोचवायचे. मोठ्या कॉमिकवर काम असेल तर अंक तोंडपाठ असलेली व्यक्ती तिथे सगळ्यांना हवीच असते, त्यामुळे तुझं वाचन वाया जाणार नाही. उत्पन्न मात्र नियमित नसतं. एक मालिका संपली की दुसरी मिळेपर्यंत महिनेच्या महिने रिकामे जाऊ शकतात. म्हणून संपादन, भाषांतर, जाहिरातलेखन असं लिखाणातलंच एखादं दुसरं कौशल्य पदवीच्या काळात पक्कं करून घे, असा माझा आग्रह आहे. घरच्यांशी बोलताना हे लपवू नकोस.

आता पुढच्या महिन्यासाठी एक काम. तुझ्या आवडत्या कॉमिकचा एकच अंक घे, शक्यतो पहिला नको. त्यातले सगळे विचारांचे फुगे कागदाच्या चिठ्ठ्या लावून झाक. जे कळेनासं होईल त्याची यादी कर आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक कृती शोध : कुणाच्या हातात काय आहे, कोण कुणाकडे बघायचं टाळतंय. त्यावरून दहा पानांची पटकथा लिही आणि दोन मित्रमैत्रिणींना मोठ्याने वाचायला सांग. तू स्वतः वाचू नकोस, नुसती ऐक आणि ते जिथे अडखळतील तिथे पेन्सिलीने खूण कर. त्या खुणांसकट पानं मला पाठव, आणि सोबत चौथं पानही, नव्याने लिहिलेलं.