पॉइंट गार्ड निवडताना
नागपुरातील आपल्या बास्केटबॉल संघाची निवड तुम्ही प्रथमच करणार आहात, म्हणून पॉइंट गार्डविषयी, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ रचणाऱ्या खेळाडूविषयी, थोडे सविस्तर लिहितो. मे महिन्यात ऊन चढण्याआधी घेतलेल्या चाचणीत वेग, उंची आणि उडी अर्ध्या तासात दिसतात. पण अंगावर येणाऱ्या दोन बचावपटूंमधून चेंडू काढून योग्य क्षणी पास देण्याची समज अनेक सामने पाहिल्याशिवाय कळत नाही.

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, मिनेसोटा संघाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर रिकी रुबियो व जॉनी फ्लिन हे दोन पॉइंट गार्ड घेतले, आणि त्या हंगामात अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेत सर्वाधिक सरासरीने गुण मिळवणारा स्टीफन करी सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटकडे गेला. जेलन ब्रन्सनने तर विलानोव्हा विद्यापीठाकडून २०१६ आणि २०१८ ची महाविद्यालयीन विजेतेपदे मिळवली होती, तरीही २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्याला निवड होण्यासाठी ३३ व्या क्रमांकापर्यंत थांबावे लागले. सिद्ध खेळाकडे असे दुर्लक्ष होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अर्थात, रसेल वेस्टब्रुक महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी सामन्याला सरासरी ३.४ गुणच मिळवत होता आणि २०१७ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला; म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला केवळ आजच्या गुणांवरून नाकारू नका. त्याला महिनाभर सरावाला बोलवा, डाव्या हाताचे ड्रिबलिंग (चेंडूला टप्पे देत पुढे नेणे) सुधारते का ते पाहा, आणि सराव सामन्याची शेवटची पाच मिनिटे चेंडू त्याच्याच हाती द्या.