एक समीकरण, दोन अज्ञातं: दुसरं समीकरण आकृतीतच आहे

कोनांच्या आकृतीवरून क्ष आणि य काढायचे आहेत, पण एका समीकरणापुढे जाता येत नाही, असं तुम्ही विचारलंत. तुमचं समीकरण बरोबर आहे, ते फक्त अपुरं आहे. दोन रेषा एकमेकींना छेदतात. वरचा कोन (३क्ष + य)°, उजवीकडचा (क्ष + २य)° आणि खालचा (५क्ष − २०)°. वरचा आणि उजवीकडचा कोन रेषीय जोडीतले (शेजारी-शेजारी, मिळून एक सरळ रेषा करणारे) म्हणून तुम्ही बेरीज १८० धरलीत आणि ४क्ष + ३य = १८० इथे अडलात. अडणारच. क्ष = ३०, य = २० घाला, समीकरण जुळतं. क्ष = १५, य = ४० घाला, तरी जुळतं. अशा जोड्या अगणित आहेत. आलेख काढलात तर अख्खी सरळ रेषा मिळेल आणि तिच्यावरचा प्रत्येक बिंदू या समीकरणापुरता खराच असेल.

म्हणून इथे पदं इकडून तिकडे नेत बसू नका, आकृतीकडे परत जा. अशा वेळी मी एकच गोष्ट शोधतो: दिलेली कोणती माहिती अजून वापरलेली नाही? इथे खालचा कोन तसाच पडून आहे. तो वरच्या कोनाचा विरुद्ध कोन, म्हणजे दोघं समान:

३क्ष + य = ५क्ष − २०
म्हणून य = २क्ष − २०

ही किंमत तुमच्या समीकरणात घाला:

४क्ष + ३(२क्ष − २०) = १८०
१०क्ष = २४०
क्ष = २४, य = २८

ताळा कोनांवरच करा. वरचा ७२ + २८ = १००, खालचा १२० − २० = १००, उजवीकडचा २४ + ५६ = ८०. सगळं जुळलं. मघाची ३० आणि २० ची जोडी घेतली असती तर वरचा कोन ११० आणि खालचा १३० आला असता, म्हणजे ती बाद.

आता दोन खड्डे, कारण यात बरेच जण पडतात. य = २क्ष − २० ज्या समीकरणातून काढलं त्यातच परत घातलं, तर ५क्ष − २० = ५क्ष − २० असं निघतं. हे चूक नाही, पण त्यातून काही कळतही नाही. किंमत नेहमी दुसऱ्या समीकरणात घालायची. दुसरा खड्डा जास्त फसवा. कोणी म्हणेल, बिंदूभोवतीच्या चार कोनांची बेरीज ३६०, मग हेच दुसरं समीकरण घेऊ. विरुद्ध कोन समान म्हणून वरचा आणि उजवीकडचा दुप्पट केला की ८क्ष + ६य = ३६० येतं. दोनाने भागून बघा, तुमचं जुनंच समीकरण निघेल. दिसायला दोन, प्रत्यक्षात एकच.

इतर आकृत्यांतही शोध हाच, फक्त जागा बदलते. समांतर रेषा आणि छेदिका (त्या दोघींना छेदणारी रेषा) असेल तर संगत कोन (दोन्ही छेदांवर सारख्याच जागेचे) समान, व्युत्क्रम कोन (समांतर रेषांच्या मधले, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे) समान, छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८०. त्रिकोणात तिन्ही कोनांची बेरीज १८०, आणि दोन बाजूंवर सारख्या खुणा असतील तर त्यांच्यासमोरचे कोन समान. ती बारीक खूण म्हणजेच दुसरं समीकरण, आणि नेमकी तीच नजरेतून सुटते. मात्र दोन कोन डोळ्यांना सारखे वाटतात म्हणून समान धरू नका. आकृती बहुधा प्रमाणात काढलेली नसते.

अंश आधीच कंसाबाहेर दिलेत, त्यामुळे उत्तर क्ष = २४ असं लिहा, २४° नको.

आणि प्रश्न नीट वाचा. फक्त वरचा कोन विचारला असेल तर क्ष आणि य वेगळे काढायचीही गरज नाही. उजवीकडचा आणि खालचा कोनही रेषीय जोडीतले आहेत. त्यांची बेरीज ६क्ष + २य − २० = १८०, म्हणजे ३क्ष + य = १००, आणि डावी बाजू म्हणजे वरचा कोनच. ही सोय इथल्या आकड्यांमुळे झाली, दर वेळी होणार नाही.