रोज चालतोय, तरी बीपी उतरत का नाही?

"मॅडम, रोज पहाटे उठतो, घाम गाळतो, तरी बीपी आहे तिथंच. मग चालायचं कशाला?"

चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. माझ्याकडे समुपदेशनासाठी ती झोप लागत नाही, चिडचिड होते, धडधडतं अशा तक्रारी घेऊन येतात. थोडं बोलणं झालं की हा प्रश्न बाहेर पडतो. त्यात वैताग असतो, पण त्याहून जास्त फसवणूक झाल्याची भावना असते. 'मी माझं काम चोख केलं, शरीरानं शब्द पाळला नाही,' अशी.

विलासरावांची गोष्ट सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. वय ५१, कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत हिशेबनीस. वर्षभरापूर्वी रक्तदाब १५०/९६ निघाला, टेल्मिसार्टन ४० ही रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून हे रोज सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारू लागले. चार महिने झाले तरी आकडा हलेना. मग दिवसातून आठ-दहा वेळा दंडाला पट्टा बांधून बघणं सुरू झालं आणि रात्रीची झोप गेली. डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी वही पुढे केली. हिशेबनिसाचीच वही, आखीव रकाने, एक खाडाखोड नाही. सकाळचे आकडे मात्र चढेच: १५६, १५८, १६२.

"हे कधी मोजता?"

"फिरून आलो, तीन जिने चढलो, की लगेच. व्यायामाचा परिणाम ताजा ताजा कळतो ना!"

हा गैरसमज खूपच पसरलेला आहे. भराभर चालताना वरचा आकडा वाढतो आणि तो वाढायलाच हवा. पायांच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं, हृदय ते जोरानं पोचवतं. थांबल्यावर थोड्या वेळानं उलटं होतं: स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या राहतात आणि दाब काही तास नेहमीपेक्षा खाली असतो. विलासराव नेमके चढाचे क्षण वहीत टिपत होते. मोजण्याआधी अर्धा तास व्यायाम, चहा, तंबाखू काही नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग मोजायचं. तेही सकाळ-संध्याकाळच, दिवसभर नाही.

पुढच्या भेटीला आकडे थोडे सभ्य झाले होते, पण १४६-१४८ च्या खाली येईनात. चेहरा पडलेलाच. एखाद्याला इथं माहिती देऊन मोकळं व्हावंसं वाटेल. माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांत झाली आहे. माणूस आकड्यानं घाबरत नाही, त्या आकड्याला त्यानं मनात जो अर्थ दिलेला असतो त्यानं घाबरतो, यावर माझा इतक्या वर्षांच्या कामानंतर पूर्ण विश्वास आहे. विलासरावांच्या मनातला अर्थ मला अजून सापडला नव्हता. मी साधाच प्रश्न विचारला.

"सकाळी उठल्यापासून काय काय करता, क्रमानं सांगा."

"साडेपाचला उठतो. कोमट पाणी. रंकाळा. येऊन अर्धा तास बसतो, तुम्ही सांगितल्यापासून. बीपी बघतो. मग अंघोळ, नाष्टा, ऑफिस."

"आणि गोळी?"

ते खिडकीकडे बघू लागले.

"चाललो त्या दिवशी नाही घेत," ते हळूच म्हणाले. "चाललो ना, मग गोळी कशाला? पावसानं किंवा कशानं खाडा झाला तर घेतो."

डॉक्टरांना हे माहीत नव्हतं आणि घरातही कुणाला नव्हतं. मी रागावले नाही. हिशेबाच्या माणसाला हिशेबच दाखवायचा ठरवलं. रक्तदाब वाढलेल्या माणसानं नियमित चालण्यासारखा व्यायाम केला तर वरचा आकडा सरासरी ५ ते ८ नं उतरतो. एका औषधाच्या नेहमीच्या डोसानं तो सरासरी ९ च्या आसपास उतरतो. वहीच्या कोऱ्या पानावर मी दोन रकाने केले. जमेत चालणं लिहिलं, खर्चात सोडलेली गोळी. त्यांनी पेन घेतलं, बेरीज-वजाबाकी केली आणि बराच वेळ पानाकडे बघत राहिले.

"म्हणजे चालणं काम करत होतं?"

"करत होतं. तुम्ही त्याला गोळीच्या जागी बसवलंत, म्हणून ते दिसत नव्हतं."

हे त्यांना पटलं. तरी मी विचारलं, "गोळी इतकी नको का वाटते?"

"आबांना गोळी सुरू झाली आणि दोन वर्षांत अर्धांग झालं. गोळी लागली की माणूस त्या वाटेला लागला. मला त्या वाटेनं जायचं नाही."

"आबा गोळ्या कशा घ्यायचे?"

त्यांना आठवायला वेळ लागला. "कशा म्हणजे... बरं वाटलं की बंद करायचे. डोकं दुखलं की पुन्हा चालू. आई ओरडायची." एवढं बोलून ते थांबले. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं मध्ये शब्द घालू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. आपण सांगितलेलं माणूस विसरतो, स्वतःच्या तोंडून निघालेलं विसरत नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आबा जे करायचे तेच मी करतोय की."

चार महिने हा माणूस चालत होता तो गोळीतून सुटण्यासाठी. रोजचा आकडा म्हणजे त्याच्यासाठी निकाल होता: सुटका झाली की नाही. वडिलांच्या वाटेनं जायचं नाही म्हणून ज्याची धडपड चालली होती, तो त्याच वाटेवर उभा होता. 'व्यायामानं बीपी कमी होत नाही' असं म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांची अडचण मला याच जागी सापडते. व्यायाम जे देतो ते त्यांना पुरत नाही, कारण त्यांनी त्याच्याकडून मुक्ती मागितलेली असते.

आणि तो जे देतो ते थोडं नाही. २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे १० लाख प्रौढांच्या माहितीचं विश्लेषण आलं. वरचा आकडा कायम २ नं जरी कमी राहिला, तरी मध्यमवयात पक्षाघातानं होणारे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात, असं त्यातून दिसलं. मग ५ किंवा ८ ची किंमत काय, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. गोळी चालू असतानाही व्यायामाचा लाभ मिळतो. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर त्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवू लागतं, त्यांना सतत ताणावर ठेवणाऱ्या मज्जातंतूंचा जोर ओसरतो. याला दोन-तीन महिने द्यावे लागतात. आणि व्यायाम सोडला की काही आठवड्यांत ही कमाई विरते, म्हणून पावसाळ्यातही घरातल्या घरात काहीतरी चालू ठेवा.

किती करायचा? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं चालणं म्हणजे मध्यम. चालण्याबरोबर भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसण्यासारखे स्थिर व्यायामही करता येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या २७० चाचण्यांच्या विश्लेषणात वरचा आकडा उतरवण्यात असे व्यायाम सगळ्यांत पुढे होते. दोन-दोन मिनिटांचे चार फेरे, मध्ये विश्रांती, आठवड्यातून तीनदा. श्वास मात्र रोखायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की दाब एकदम उसळतो. वजन उचलतानाही हेच लक्षात ठेवा. ज्यांचा आकडा १८०/११० च्या घरात आहे, ज्यांना छातीत दुखतं किंवा चालताना चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं.

विलासरावांनी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, गोळी पुन्हा रोज सुरू केली. तीन महिन्यांनी आठवड्याची सरासरी १३२/८४ वर आली, रोजचं पट्टा बांधणं थांबलं आणि झोपही परतली. पुढे डोस कमी करायचा का, हे डॉक्टर वही बघून ठरवतील आणि विलासरावांना ते मान्य आहे. याबद्दल मला मनापासून समाधान वाटतं.

तुमचाही प्रश्न हाच असेल तर सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ शांत बसून दोन-दोन वेळा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाढलेली समजतात. त्याच वहीत शेजारी आणखी एक रकाना आखा आणि गोळी घेतली की नाही, ते रोज खरं खरं लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या.