वाचक विचारतात : चिंचोके, फुगे आणि डॉ. कलाम

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात 2015 पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. शाळेत त्या दिवसासाठी भाषण पाठ करून घेतात, पण घरी मुलांना कलाम कसे सांगायचे, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यातली काही निवडून ही उत्तरं दिली आहेत.

मुलगी पाच वर्षांची आहे. राष्ट्रपती, रॉकेट यातलं तिला काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक आई, इचलकरंजी

चिंचोक्यांपासून करा. कलाम आठ वर्षांचे असताना, 1939 साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि बाजारात अचानक चिंचोक्यांना मागणी आली. ते चिंचोके वेचून रामेश्वरममधल्या मशीद गल्लीतल्या दुकानात विकत. दिवसभर वेचलेल्या चिंचोक्यांचा एक आणा मिळे.

वर्षाच्या चिंचेतले साठ-सत्तर चिंचोके धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. गर चिकटलेला राहिला तर मुंग्या लागतात. ते घरभर लपवा : कुंडीमागे, सतरंजीखाली, चपलांच्या मांडणीत. घरातल्या मोठ्या कुणीतरी दुकानदार व्हायचं. चिंचोके मोजायचे नाहीत, मापाने घ्यायचे. पाच वर्षांचं मूल विसाच्या पुढे मोजताना हमखास चुकतं आणि मग खेळाची परीक्षा होते. चहाचा लहान कप काठोकाठ भरला की एक आणा, हे तिला बघूनच कळेल. आण्यांसाठी पुठ्ठ्याच्या सोळा गोल चकत्या कापा. सोळा जमल्या की एक रुपया. आपण ‘सोळा आणे खरं’ का म्हणतो, ते तिला त्याच दिवशी समजेल. घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर हा खेळ ते झोपल्यावरच खेळा. चिंचोका नाकात किंवा घशात अडकतो.

दुसरा खेळ वर्तमानपत्रांचा. युद्धामुळे गाडीचा रामेश्वरमचा थांबा रद्द झाला आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून रामेश्वरम आणि धनुष्कोडीच्या दरम्यान खाली टाकले जाऊ लागले. कलामांचा चुलत भाऊ पेपर वाटायचा. ते गठ्ठे गोळा करायला त्याने लहान कलामांना हाताशी घेतलं. घरी दोन जुने अंक चौघडी करा आणि सुतळी उभी-आडवी बांधा. गुंडाळी करू नका, ती घरंगळते आणि सुतळी निसटते. तुम्ही गाडी. व्हरांड्यातून भरभर चालत जा आणि गठ्ठा कमरेच्या खालून जमिनीवर सोडा. मुलीच्या अंगावर फेकायचा नाही. हातातून सुटला त्या जागी एक खडूची रेघ, पडला तिथे दुसरी. गठ्ठा सुटल्या जागी न पडता नेहमी पुढे जाऊन पडतो. जरा पळत टाकलात तर आणखी पुढे. ‘मग कलाम कुठे उभे राहत असतील?’ एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरा, दोन-तीन फेऱ्यांत ती आपणहून पुढे जाऊन उभी राहील.

दोऱ्यावर पळणारं फुग्याचं रॉकेट केलं. पण आठ वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘कलामांच्या रॉकेटला टप्पे होते, हे खोटं आहे.’ टप्प्यांचं रॉकेट घरी करता येईल का?
— एक वडील, नाशिक

येईल, आणि तुमच्या मुलाची तक्रार अगदी रास्त आहे. कलाम ज्या एसएलव्ही-3 चे प्रकल्प संचालक होते, ते रॉकेट चार टप्प्यांचं होतं. उंची 22 मीटर, म्हणजे सातमजली इमारतीएवढी. वजन 17 टन, आणि हे सगळं 35 किलोच्या रोहिणी उपग्रहासाठी. एक चिंचोका म्हणजे उपग्रह धरला, तर रॉकेट साधारण 485 चिंचोक्यांचं. ढीग करून दाखवा. इंधन जळून गेल्यावर उरलेला रिकामा डबा ओढत नेणं परवडत नाही, म्हणून तो टाकून द्यायचा. टप्पे असतात ते यासाठी.

साहित्य : दोन लांबट फुगे, दोन जाड स्ट्रॉ, एक मोठा कागदी कप, चिकटपट्टी आणि सहा मीटर गुळगुळीत नायलॉनचा दोरा. सुतळी नको, तिच्या तंतूंत स्ट्रॉ अडकते. पतंगाचा मांजा तर मुळीच नको.

दोन्ही स्ट्रॉ दोऱ्यात ओवा आणि दोरा दोन खिडक्यांच्या गजांना ताणून बांधा. कपाच्या तोंडाकडची दोन बोटं रुंद कडी कापून घ्या. दोन्ही फुगे आधी दोन-तीनदा फुगवून सोडा, म्हणजे रबर मऊ पडतं. आता पुढचा फुगा पाऊण भाग फुगवा आणि तोंड पिळून धरा, गाठ नाही. ते तोंड कडीतून मागे घ्या आणि कडीच्या आतल्या बाजूला दाबून ठेवा. मागचा फुगा त्याच कडीत असा फुगवा, की त्याचं टोक कडीतून थोडंसं पुढे येईल. फुगता फुगता तो पुढच्या फुग्याचं तोंड कडीवर दाबतो आणि तुम्ही बोट काढलंत तरी ते बंद राहतं. मग प्रत्येक फुगा चिकटपट्टीने आपापल्या स्ट्रॉला लावा आणि मागच्या फुग्याचं तोंड सोडा. तो रिकामा होत आक्रसला की पुढच्या फुग्याचं तोंड सुटतं आणि तो एकटा पुढे पळतो. याला चार हात लागतात. एकट्याने करायला जाल तर चिडचिड होईल.

दोन्ही फुगे एकदम सुटले, तर कडी सैल आहे. ती कापून, काठावर काठ चढवून लहान करा. पुढचा सुटलाच नाही, तर मागचा फुगा कडीतून फार पुढे घुसलाय. तो थोडा कमी फुगवा. दोऱ्याभोवती गरगर फिरले, तर फुगा आणि स्ट्रॉ एका रेषेत नाहीत. मधेच थांबले, तर दोरा झोळ देतोय. पहिल्या चार-पाच खेपांत काहीतरी बिघडणारच, तेव्हा फुगे डझनभर आणून ठेवा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला.

रॉकेट नीट गेलं नाही की मुलगी रडते आणि खेळ सोडून देते. अपयशाची गोष्ट सांगावी का?
— एक आत्या, लातूर

गोष्ट म्हणून सांगू नका, खेळात घाला. एसएलव्ही-3 पहिल्यांदा 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोटाहून उडालं. पहिला टप्पा चोख चालला, दुसरा भरकटला आणि 317 सेकंदांत सगळं समुद्रात गेलं. कारण नेमकं सापडलं : दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतलं नायट्रिक आम्ल झडपेतून गळून गेलं होतं. मुलांना या ‘कारण सापडलं’ची फार ओढ असते.

म्हणून उड्डाणाची एक वही करा. चार रकाने : तारीख, किती फूट गेलं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय बदलणार. एका खेपेला एकच गोष्ट बदलायची, हा नियम कडक पाळा. कडीही बदलली आणि फुगाही, तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

मग पत्रकार परिषद भरवा. 1979 मध्ये पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि त्यांनी जबाबदारी आपल्याकडे घेतली. 18 जुलै 1980 ला रोहिणी कक्षेत गेला, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केलं. घरीही तसंच करा. उड्डाण फसलं की लाटण्याचा माईक धरून उत्तरं मोठ्यांनी द्यायची, जमलं की मुलीने. प्रश्न खरे विचारा : ‘दोरा कुणी बांधला होता?’, ‘पुढचं उड्डाण कधी?’ फसल्यावर आपल्याला एकटीला उत्तर द्यावं लागत नाही, हे तिला दिसू द्या. रडणं एका दिवसात थांबणार नाही, त्याची घाईही करू नका.

मी सातवीत आहे. कलाम सरांनी बंगळुरूला ‘नंदी’ हॉवरक्राफ्ट बनवलं होतं, म्हणून मी सीडीचं केलं. ते जागचं हलतच नाही. काय चुकलं?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

विषय छान निवडलास. नंदी जमिनीपासून सुमारे 40 मिलिमीटर जाडीच्या हवेच्या गादीवर चालायचं. तुझ्या सीडीखालची गादी कागदाएवढीच असते, त्यामुळे छोटी चूकही तिला चालत नाही.

आधी भोक बघ. बाटलीचं झाकण सीडीच्या मधल्या भोकावर पालथं चिकटवलंस ना? त्याच्या माथ्यावर दोन ते तीन मिलिमीटरचं एकच भोक हवं. मोठं झालं तर फुगा दोन-तीन सेकंदांत रिकामा होतो, फार बारीक असेल तर सीडी उचलली जात नाही. भोक गरम सुईने घरातल्या मोठ्या माणसाकडून पाडून घे. मग जोड तपास. झाकणाच्या कडेवर ओलं बोट फिरव. गार वारा लागला तर तिथून हवा जातेय. लाकडाचा पांढरा गोंद प्लॅस्टिकला धरत नाही. एम-सील लाव आणि रात्रभर सुकू दे. मग फरशी. गुळगुळीत ग्रॅनाइटचा ओटा किंवा मोठी चकचकीत टाइल चालते. खडबडीत शहाबादीवर आणि टाइलच्या सांध्यांवर हवा निसटते आणि सीडी बसते. सीडीची चकचकीत बाजू खाली हवी, तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडासुद्धा नको.

फुगा आधी फुगव, मान पिळून धर, तोंड झाकणावर चढव आणि मग पीळ सोड. फुगा एका बाजूला कलला की सीडीची ती कड टेकते. त्यासाठी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची चार बोटं उंच नळी झाकणाभोवती उभी कर, फुगा तिच्यात ताठ राहील. हे सगळं जमलं की सीडीवर एक-एक रुपयाची नाणी ठेवत जा, कडेने समान अंतरावर. कितव्या नाण्याला थांबते ते लिही आणि आम्हाला कळव.

‘मिसाईल मॅन’ म्हणजे काय, असं नातवाने विचारलं. सहा वर्षांच्या मुलाला शस्त्रांबद्दल सांगावं की टाळावं?
— एक आजोबा, चिपळूण

टाळू नका, दोन वाक्यांत सांगा : कलामांनी देशाच्या रक्षणासाठी दूर जाऊन मारा करणारी अस्त्रं बनवणाऱ्या चमूचं नेतृत्व केलं, आणि त्यातलं ‘अग्नी’ 1989 मध्ये पहिल्यांदा उडालं. सहाव्या वर्षी एवढं पुरतं. क्षेपणास्त्र कुणावर तरी सोडण्याचा खेळ मात्र करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

त्याऐवजी हे करा. क्षेपणास्त्रासाठी बनवलेल्या हलक्या पदार्थापासून पुढे हैदराबादला, पायात आधाराची पट्टी घालून चालणाऱ्या मुलांसाठी नव्या पट्ट्या बनवल्या गेल्या. आधीच्या धातूच्या पट्ट्या तीन किलोंच्या, नव्या 300 ग्रॅमच्या. नातवाच्या एका हातात तीन किलो तांदळाची पिशवी द्या, दुसऱ्या हातात 300 ग्रॅम पोह्यांची. दोन्ही घेऊन दारापर्यंत जाऊन यायला सांगा. पायाला बांधू नका, तोल जाऊन पडेल. परत आला की आपणच बोलू लागेल, तोवर गप्प बसा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाला वाटतं, कलाम म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांसारखे देश चालवणारे. फरक कसा समजवू?
— एक आई

घराचा कायदा करा. आपला राष्ट्रपती जनता थेट निवडत नाही, खासदार आणि आमदार निवडतात. कलाम 2002 ते 2007 या काळात राष्ट्रपती होते. रोजचा कारभार पंतप्रधान आणि मंत्री बघतात, पण संसदेत मंजूर झालेलं विधेयक राष्ट्रपतींच्या सहीशिवाय कायदा होत नाही.

घरातल्यांची संसद भरवा आणि कागदावर एक नियम मंजूर करा, समजा ‘शनिवारी कुणीही भांडी घासायची नाहीत’. राष्ट्रपती झालेल्या मुलाला दोनच पर्याय द्या : सही करायची, किंवा कारण लिहून कागद एकदा परत पाठवायचा. संसदेने तोच नियम पुन्हा मंजूर केला तर सही करावीच लागते. कलामांनी 2006 मध्ये लाभाच्या पदांविषयीचं, म्हणजे खासदाराला कोणती सरकारी पदं घेता येतात याचं विधेयक असंच परत पाठवलं होतं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली. ‘मग परत पाठवून फायदा काय?’ असा प्रश्न मुलगा विचारेलच. त्यावर जेवताना बोला. मोठी माणसंही यावर एकमताची नाहीत, हेही सांगा.

15 ऑक्टोबर संयुक्त राष्ट्रांनी ‘जागतिक विद्यार्थी दिन’ जाहीर केलाय ना? मुलांच्या तक्त्यावर लिहायचं आहे.
— एक शिक्षिका, सोलापूर

लिहू नका. संयुक्त राष्ट्रांच्या दिनांच्या यादीत हा दिवस नाही. मोबाइलवर कलामांच्या नावाने फिरणारी वाक्यंही, ती त्यांनी कुठे लिहिली ते सापडत नसेल तर तक्त्यावर घेऊ नका. तक्त्याला चार तारखा पुरतील : 21 नोव्हेंबर 1963 (केरळातल्या थुंबाहून पहिलं रॉकेट), 10 ऑगस्ट 1979, 18 जुलै 1980 आणि 25 जुलै 2002 (राष्ट्रपतिपदाची शपथ). थुंबाला रॉकेटचे भाग सायकलवरून नेत आणि तिथल्या चर्चच्या इमारतीत काम चाले, तेव्हा पहिल्या तारखेशेजारी सायकलचं चित्र मुलांनाच काढू द्या. दुसऱ्या तारखेशेजारी समुद्र.