कुंडीतल्या मोगऱ्याला पानं भरपूर, पण कळ्याच नाहीत. काय करावं?

जानेवारीच्या अखेरीस झाड निम्म्याने छाटा आणि नत्राचं खत थांबवा. मोगरा नव्या फुटव्यांच्या टोकाला फुलतो. नुसती जुनी काडी वाढवत नेली की कळ्या कमीच येतात. छाटणीआधी आठवडाभर पाणी तोडा, पानं थोडी मलूल झाली तरी चालतं. मग प्रत्येक फांदी डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येते त्या गाठीच्या, जरा वर धारदार कात्रीने कापा (चेचली तर टोक वाळत खाली उतरतं), उरलेली पानं खुडा, वरची दोन इंच माती उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि चमचाभर बोनमील (हाडांचा चुरा) मिसळा, आणि पाणी पुन्हा सुरू करा. साधारण पाच-सहा आठवड्यांत कळ्या दिसतात. युरिया किंवा दर आठवड्याला पेंडीचं पाणी घालत असाल तर नुसता पालाच माजणार. पहिला बहर ओसरला की फुलून गेलेली टोकं दोन पानांसकट खुडा, पुन्हा फूट येते. हे सगळं दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन मिळत असेल तरच. उत्तरेकडच्या बाल्कनीत कितीही खटपट केली तरी मोगरा रुसलेलाच राहतो. तिथे सरळ पीस लिली लावा.