जुन्या हार्ड डिस्कमधल्या फायली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बारा वर्षांचा डेस्कटॉप आहे. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. आत घरचे फोटो आणि हिशेबाच्या फायली आहेत. त्या गेल्या असं समजायचं का?

अजिबात नाही. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक बंद पडली म्हणून दुसरी बिघडली असं होत नाही. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की बहुतेक वेळा फायली जशाच्या तशा दिसतात.

आधी विजेची वायर काढा आणि चालू करण्याचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. डिस्कला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. मग डिस्कच्या मागच्या दोन्ही केबल आणि बाजूचे स्क्रू काढा. आता तोंड कसं आहे ते पाहा. शेजारी शेजारी दोन चपट्या खाचा असतील, तर ती साटा डिस्क. बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रात हीच असणार. दोन रांगांत ४० पिना आणि बाजूला विजेच्या ४ जाड पिना असतील तर ती त्याहून जुनी आयडीई. जुन्या लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला ४४ बारीक पिना असतात आणि वीजही त्यातूनच जाते.

जोडणीसाठी यूएसबी अडॅप्टर मिळतो. तो घेताना एक गोष्ट नक्की बघा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर फिरते आणि यूएसबी फक्त ५ व्होल्ट देते. त्यामुळे १२ व्होल्टचा, साधारण २ अँपिअरचा वेगळा वीजपुरवठा सोबत असलेलाच अडॅप्टर हवा. घरात पडलेला, पिन बसते म्हणून लॅपटॉपचा चार्जर त्याला लावू नका. तो बहुधा १९ व्होल्टचा असतो आणि डिस्कचा सर्किट बोर्ड क्षणात जाळतो. चांगली डिस्क घरच्या घरी मारण्याचा हा हमखास मार्ग आहे. आयडीई डिस्क असेल तर तिच्यावरचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) मास्टरवर ठेवा. कुठल्या पिनांवर बसवायचा याची आकृती बहुतेक डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते.

डिस्क सपाट, कोरड्या आणि धातू नसलेल्या पृष्ठभागावर ठेवा. आधी तिची वीज चालू करा, मग यूएसबी जोडा. फिरत असताना ती उचलू किंवा उलटी करू नका.

विंडोजमध्ये डिस्क दिसली तरी जुन्या वापरकर्त्याचा फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येतो. पुढे चला असं सांगितलं की विंडोज एकेका फाइलचे हक्क बदलत जातं. त्याला वेळ लागतो आणि ते डिस्कवर लिहितंही. डिस्क धडधाकट असेल तर हरकत नाही. शंका असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करा आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडा. विंडोजचे हक्क तिथे आडवे येत नाहीत.

फायली शोधताना लोक माय डॉक्युमेंट्स उघडतात आणि तिथेच थांबतात. विंडोज एक्सपीमध्ये सगळं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये असतं, नंतरच्या विंडोजमध्ये 'युजर्स'मध्ये. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायलीही त्यातच सापडतात. ईमेल मात्र लपवलेल्या फोल्डरांत असतं, म्हणून लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि पीएसटी व डीबीएक्स शेपटाच्या फायली शोधा. पहिल्या आउटलुकच्या, दुसऱ्या आउटलुक एक्सप्रेसच्या. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बहुतेकदा त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात किंवा थेट डी ड्राइव्हवर असतो, तोही विसरू नका.

प्रश्न : डिस्क जोडल्यावर 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असा संदेश येतो. फॉरमॅट केल्यावर रिकव्हरी सॉफ्टवेअरने फायली परत येतात, असं एकाने सांगितलं. करू का?

नको. रद्द करा दाबा. 'इनिशियलाइझ' करण्याबद्दल विचारलं तरी हेच उत्तर. त्या संदेशाचा अर्थ एवढाच, की विंडोजला डिस्कवरची फाइल मांडणी समजली नाही. फायली बहुधा जागेवरच असतात. फॉरमॅटमुळे त्यांच्या नोंदींवर नवं लिखाण होतं, आणि विंडोज व्हिस्टापासून पुढे 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर काही आणू शकत नाही. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासणारं साधनही आत्ता चालवू नका. ते मांडणी सुसंगत करतं, आणि त्या नादात तुमच्या फायलींच्या नोंदी कापून टाकू शकतं.

आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स यांत स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांचे, आकडे दिसतात. डिस्कवरची जागा सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत विभागलेली असते. त्यातले ०५ (बदलून टाकलेले सेक्टर), सी५ (वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर) आणि सी६ (दुरुस्त न होणारे) हे तीन महत्त्वाचे. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतं, त्यामुळे तिथला १० म्हणजे आपले १६. सी५ शून्याच्या वर असेल तर डिस्क खराब होत चालली आहे असं धरा. एकटा सी७ (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुका) वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा. ती बदला.

मग डिस्कची पूर्ण प्रत काढा. फाइल-फाइल नव्हे, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत. यासाठी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू सगळ्यात भरवशाचं. साधा कॉपी आदेश पहिल्या खराब सेक्टरपाशी अडून बसतो आणि तेवढ्यात डेटा वाचणारं आजारी हेड आणखी घासतं. डीडीरेस्क्यू आधी सोपा भाग उचलतं, अडचणीच्या जागा सोडून पुढे जातं. पहिल्या फेरीत खरवडणं, म्हणजे खराब जागा सेक्टर-सेक्टर वाचत बसणं, बंद ठेवण्याचा पर्याय द्या. दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न पुरेत. सोबत मॅप फाइलचं नाव द्यायलाच हवं. कुठलं वाचून झालं याची नोंद तिच्यात राहते, म्हणून मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. ती दिली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

इथली सर्वांत महाग चूक म्हणजे मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची नावं उलटी देणं. मग रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. आदेश देण्याआधी दोन्हींची मॉडेल आणि क्षमता वाचून खात्री करा. प्रत फाइल म्हणून ठेवणार असाल तर जिच्यावर ठेवाल ती डिस्क फॅट३२ मांडणीची नको, तिथे एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट चालेल. वेळ भरपूर ठेवा. यूएसबी २.०वर सेकंदाला सुमारे ३० एमबी धरले तर ५०० जीबीच्या निरोगी डिस्कलाही साडेचार-पाच तास लागतात. आजारी डिस्क कित्येक दिवस घेऊ शकते.

यापुढे जे करायचं ते प्रतीवर. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन (डिस्कचा विभाग) शोधून देतं, आणि ते मिळालं तर नावं-फोल्डर सगळं परत येतं. तिथे जमलं नाही तरच फोटोरेक. ते फायली त्यांच्या आतल्या खुणांवरून ओळखतं, म्हणून मूळ नावं आणि फोल्डर जातात आणि तुकड्या-तुकड्यांत साठलेल्या फायली बऱ्याचदा मोडक्या निघतात. हजारो फोटो आकड्यांच्या नावांनी हाती येतात, पण काढल्याची तारीख फोटोतच नोंदलेली असेल तर त्यावरून लावता येतात.

प्रश्न : डिस्कमधून टक-टक आवाज येतो आणि ती दिसतच नाही. फ्रीझरमध्ये ठेवून बघावं का?

लॅपटॉपची अडीच इंची डिस्क असेल तर आधी वीज तपासा. फिरायला सुरुवात करताना तिला सुमारे १ अँपिअर लागू शकतो आणि यूएसबी २.०चं तोंड ०.५ अँपिअरच देतं. वीज अपुरी पडली की ती फिरायला लागते, थांबते, पुन्हा टकटकते. स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या हबला लावून एकदाच पाहा.

पुरेशी वीज असूनही आवाज येत असेल, तर हेड जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही. लगेच बंद करा. हेड डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. ते तुटून घासायला लागलं की ज्या थरात डेटा आहे तोच खरवडला जातो, प्रत्येक वेळी चालू केल्यावर थोडा जास्त. फ्रीझरमध्ये तबकडीवर दव साचतं. डिस्कचं झाकण उघडलं तर ती बिघडवायला हवेतली धूळच पुरते. तशाच मॉडेलचा सर्किट बोर्ड आणून बसवण्याचा सल्लाही जुना झाला. आताच्या बोर्डावर त्याच डिस्कपुरती जुळवलेली माहिती साठवलेली असते, ती चिप हलवल्याशिवाय उपयोग नाही.

हे काम स्वच्छ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेचं. डिस्क देण्यापूर्वी विचारा : तपासणीचे वेगळे पैसे आहेत का, मिळालेल्या फायलींची यादी आधी दाखवता का, आणि काही मिळालं नाही तर काय आकारता?

प्रश्न : जुन्या विंडोजचा पासवर्ड आठवत नाही. डिस्क बाहेरून जोडली तर चालेल?

चालेल. लॉगिनचा पासवर्ड फायलींना कुलूप लावत नाही. अपवाद दोन. बिटलॉकर (सगळ्या ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठलेली सापडते. फायलींची नावं हिरवी दिसत असतील किंवा त्यांवर कुलपाचं चिन्ह असेल, तर त्या ईएफएसने (एकेका फाइलला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बंद केल्या आहेत. अशा वेळी पासवर्ड जबरदस्तीने बदलणारी साधनं वापरू नका, किल्ली जुन्या पासवर्डशी बांधलेली असते.

प्रश्न : एसएसडीवरून (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) चुकून डिलीट झालेल्या फायली याच पद्धतीने येतील का?

सहसा नाही. ट्रिम चालू असेल तर विंडोज डिलीटबरोबरच एसएसडीला त्या जागा रिकाम्या झाल्याचं कळवतं आणि नंतर तिथून शून्यंच वाचली जातात. बॅकअप शोधा.

प्रश्न : फायली मिळाल्या, पण जुनी मराठी पत्रं उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फायली खराब झाल्या का?

फायली ठीक आहेत. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. फाइलमध्ये साठलेले असतात ते इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, आणि फॉन्ट नसला की तेच दिसतात. वर्डमध्ये मजकूर निवडलात की वर फॉन्टचं नाव दिसेल. ती फॉन्ट फाइल जुन्या डिस्कवरच विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात असण्याची शक्यता दाट, म्हणून तो फोल्डरही कॉपी करा आणि हवा तो फॉन्ट नव्या संगणकावर टाका. मजकूर लगेच वाचता येईल.

पण तो शोधता येणार नाही, फोनवर दिसणार नाही. त्यासाठी युनिकोडमध्ये बदलावा लागतो, आणि परिवर्तक नेमका त्याच फॉन्टचा हवा, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी. बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार मुळाशी ताडून बघा. चुका तिथेच होतात. मूळ फाइल मात्र पुसू नका.